पश्चात एक मुलगा, दोन मुली

माझ्या घराच्या मागच्या गॅलरीत पस्तीस वर्षांच्या निधनवार्ता पडून आहेत. पेणला आमचं एक साप्ताहिक होतं. आमचं म्हणजे मालकांचं, मी तिथं छपाईचे खिळे जुळवायला होते. मग खिळे गेले, कॉम्प्युटर आला, तेव्हा त्यावर बसले. मालक वारले, त्यांच्या मुलानं गाळा मोबाइलवाल्याला भाड्यानं दिला. रद्दीवाल्याचा टेम्पो दाराशी उभा असताना मी म्हटलं, फायली मला द्या. का म्हटलं ते अजून नीट सांगता येत नाही. इतकी वर्षं आपण जुळवलेलं सगळं एका खेपेत जाणार, हे बघवलं नाही, एवढंच असेल.

आमच्या यांना ते कधी पटलं नाही. रोह्याच्या कंपनीत पाळ्या करून निवृत्त झालेला माणूस, त्यांना दुपारी गॅलरीत आरामखुर्ची टाकायची होती. "ही मेलेली माणसं कधी काढणार घरातून?" असं ते दर दिवाळीच्या साफसफाईला विचारतात. मी म्हणते, काढू. पण नंतर लोकच यायला लागले. कुणाला आजोबांच्या भावंडांची नावं पाहिजेत, कुणाला पणजीचं माहेर. कुवेतला असणाऱ्या एका मुलानं तर वडिलांच्या आजोबांची बातमी शोधायला धरमतरकडच्या गावातून आपल्या चुलत्याला पाठवलं होतं. म्हातारा तीन तास बसला, बातमी सापडल्यावर चष्मा पुसला आणि निघून गेला.

हौसेनं येणाऱ्यांना वाटतं, जुन्या बातम्यांत घराण्याचा सगळा इतिहास असतो. तसं नाही. बातमीचा साचा ठरलेला. "अल्पशा आजाराने", "मनमिळाऊ स्वभावाचे", "असा परिवार आहे" या ओळी आम्ही जुळवूनच ठेवलेल्या असायच्या, दोऱ्यानं बांधून, एका कप्प्यात. नावं बदलायची आणि परिवार मोजायचा. मुलग्यांची नावं यायची, हुद्दे यायचे. मुली नुसत्या आकड्यात. सुना, नातवंडं तर "असा मोठा" यात जायची. बाई स्वतः वारली तरी ती अमक्याची आई म्हणून वारायची. पस्तीस वर्षं हेच केलं की मरणाचं काही वाटेनासं होतं. वाटायला हवं, हे कळतं. पण थकलेल्या माणसाला जे कळतं ते सगळंच वाटत नाही.

ती बाई आली तेव्हा गणपतीचं विसर्जन होऊन चार-पाच दिवस झाले होते. हमरापूरची होती, पन्नाशी ओलांडलेली. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायची, म्हणजे गणपतीचे डोळे रंगवायची. बोटांच्या कडांना काळा रंग बसलेला होता. सीझन संपला की त्या गावची माणसं मोकळी होतात, म्हणून आत्ता आले, म्हणाली.

"माझ्या आईच्या वडिलांची तिथी पायजे," ती म्हणाली. "आई ऐंशीच्या पुढं गेली. आता रोज तेच बोलते."

मग तिनं सांगितलं. तिची आई रोह्याची, कुंडलिकेच्या काठच्या एका शेतकरी घरातली. विशी-बाविशीत हमरापूरच्या रंगकाम करणाऱ्या मुलाशी लग्न करून निघून आली. जात दुसरी. वडील म्हणाले, ती आम्हाला मेली. माहेरचं कुणी कधी आलं नाही, आईही गेली नाही. वडील वारल्याचं तिला सात-आठ महिन्यांनी कळलं, तेही मूर्ती न्यायला आलेल्या रोह्याच्या एका गिऱ्हाइकाच्या बोलण्यातून. कोणत्या दिवशी गेले, ते त्यालाही माहीत नव्हतं.

"पितृपक्षात आई सर्वपित्रीला घास ठेवते," ती म्हणाली. "ज्यांची तिथी म्हाईत नाय त्यांची ती अमावस्या ना. आई म्हणते, माझा बाप अनोळखी लोकांच्या पंगतीत जेवतोय चाळीस वर्षं. मरायच्या आधी मला त्याचा दिवस कळूदे."

आडनाव आणि आळी तिनं कागदावर लिहून आणली होती. साल अंदाजानं सांगितलं. मी म्हटलं, वेळ लागेल. आम्ही दोघींनी तीन दुपारी फायली काढल्या. जुन्या कागदाला कसर लागलेली, पान उलटलं की कडा हातात येतात. ती काम करायला चांगली होती, बोलायची कमी.

तिसऱ्या दुपारी बातमी सापडली. सहाच ओळी. नुकतेच वृद्धापकाळाने निधन झाले, पश्चात पत्नी, एक मुलगा, एक मुलगी, सून असा परिवार आहे.

तिनं बोट ठेवून दोनदा वाचलं. "एक मुलगी," म्हणाली. "म्हणजे मावशी. आईची धाकटी बहीण. आई आली तेव्हा ती बारा वर्षांची होती." आईला मोजलेलं नसणार, हे तिला ठाऊकच असावं, तरी छापलेलं दिसलं की वेगळं असतं.

पण तारीख त्यात नव्हती. "नुकतेच" एवढंच. तेव्हा मला चिठ्ठ्यांची आठवण झाली. मालकांची शिस्त होती. बातमीसाठी आलेला प्रत्येक कागद तारेत ओवून ठेवायचा, वर्ष संपलं की फायलीसोबत बांधायचा. उद्या कुणी भांडायला आलं तर आपल्या हातात कागद असावा, असं ते म्हणायचे. मी त्या वर्षाचं चिठ्ठ्यांचं पुडकं सोडलं.

चिठ्ठी माझ्याच अक्षरात होती. वर मृत्यूची तारीख होती, वार होता. आणि खाली परिवारात "दोन मुली" लिहून ते खोडलेलं, वर "एक मुलगी" लिहिलेलं. खोडलेलंही माझंच, वर लिहिलेलंही माझंच.

सगळं एकदम आठवलं असं नाही. आधी लुगड्याचा रंग आठवला, धुऊन धुऊन पांढरट झालेला हिरवा. मग बाई आठवली.

मी तेव्हा वीस वर्षांची होते, कामाला लागून वर्षभर झालं असेल. मालक कामानं अलिबागला गेले होते. दुपारी एक म्हातारी दारात उभी राहिली. कपाळ मोकळं, हातात पिशवी. रोह्याहून एस्टीनं एकटी आले, म्हणाली. नवरा गेला, पेपरात द्यायचंय. मी विचारलं, लिहून आणलंय का? तर म्हणाली, "मला लिवता येत नाय. तू लिही गो."

मी लिहीत गेले. तारीख तिनं नीट सांगितली, वारही. परिवारावर आल्यावर म्हणाली, "एक मुलगा, दोन मुली."

मी लिहिलं. ती म्हणाली, "दोन लिवलंस?"

"लिहिलं."

"कुठं लिवलंस, दाखव."

मी शब्दावर बोट ठेवलं. तिनं माझं बोट बाजूला करून तिथं स्वतःचं ठेवलं, जरा वेळ तसंच. मग पाणी मागितलं, प्यायली आणि स्टँड कुठल्या बाजूला ते विचारून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा आला. शिक्षक असावा असं त्याच्याकडं बघून वाटत होतं. तो काही ओरडला नाही, उलट फार हळू बोलला. "आई दुःखात आहे," म्हणाला. "मुलगी एकच आहे आमच्या घरात. दोन छापलं तर रोह्यात लोक विचारतील दुसरी कोण. बहिणीच्या सासरी बोलणी होतील. एवढं करा."

मालक आले नव्हते. मी बातमी जुळवून ठेवलेली होती. "दोन मुली" काढून "एक मुलगी" घातलं. ओळ किंचित लांबली म्हणून शब्दांमधली एक पट्टी काढावी लागली. चिठ्ठीवर खाडाखोड केली, ती तारेत ओवली. तेव्हा मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर आठवत नाही. संध्याकाळच्या आत पान बांधायचं होतं.

आखणीवाली माझ्या तोंडाकडं बघत होती. तारीख सांगून चिठ्ठी बाजूला ठेवता आली असती. तसं मनात आलंही. पण ती आणि मी तीन दुपारी एकाच फायलीवर वाकलो होतो. मी तिला सगळं सांगितलं. बदल मीच केला, हेही सांगितलं.

ती बराच वेळ चिठ्ठी बघत राहिली. "आजी आलेली," म्हणाली. "इथं, पेणला." मग म्हणाली, "हे आईला तुम्ही सांगा. माझ्याच्यानं व्हायचं नाय."

तिथी त्या वर्षाच्या जुन्या पंचांगात बघितली, पौषातली निघाली. पितृपक्षात त्या तिथीचा दिवस अजून पुढं होता, म्हणजे वेळेत होतं. दुसऱ्या दिवशी मी रिक्षानं हमरापूरला गेले. कारखान्यात न विकलेल्या मूर्ती प्लास्टिकखाली झाकून ठेवलेल्या, रंगाचा वास सगळीकडं. तिची आई मागच्या खोलीत खाटेवर बसली होती. लहानखुरी बाई, कान शाबूत. मी तिथी सांगितली. तिनं ती तीनदा माझ्याकडून म्हणवून घेतली आणि मग स्वतः एकदा म्हटली.

मग मी चिठ्ठीचं सांगितलं. खरं तर मला वाटत होतं, मी काहीतरी चांगलं घेऊन आले आहे. बदल माझ्या हातून झाला, त्याबद्दल ती रागावेल, पण आईनं दोन लिहायला लावलं, हे ऐकून तिचा जीव शांत होईल. वाटेत रिक्षात मी वाक्यंसुद्धा ठरवली होती.

ती म्हणाली, "एकटी आलेली?"

"हो."

"एस्टीनं?"

"हो."

"पेणपर्यंत." लेकीनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो तिनं घेतला नाही. "पेणवरून हमरापूर किती लांब हाय गो? तू आत्ता आलीस ना, किती वेळ लागला?"

"वीस मिनिटं," मी म्हटलं.

"तुझ्याकडं आली," म्हातारी म्हणाली. "तुझ्याकडं पाणी प्यायली. माझ्याकडं नाय आली."

मी दुखवायला गेले नव्हते, पण दुखवून आले. पेणला परतल्यावर यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, तिथी दिली. त्या आठवड्यात मी कुणालाही फायली दाखवल्या नाहीत. दोघांचे फोन आले, त्यांना बरं नाही म्हणून सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

आखणीवाली मात्र थांबली नाही. दिवाळीनंतर पुन्हा आली. मावशीचा पत्ता काढायचा होता. आईनं सांगितलंय का, मी विचारलं. नाही म्हणाली. विचारल्यावर आई उलट म्हणाली होती, "मी मेलेल्याची तिथी मागितली, जिवंत माणसं नाय मागितली."

आम्ही पुन्हा फायली काढल्या. त्या घराच्या आणखी दोन बातम्या मिळाल्या. आजीची, दहाएक वर्षांनंतरची, तीत तर मुलीचा उल्लेखच नव्हता, अमक्या गुरुजींच्या मातोश्री एवढंच. मग मामाची, तीही मीच टाइप केलेली असणार, पण मला तिचं काहीच आठवेना. त्यात शेवटी होतं, "निडी येथील एक बहीण." कुणी ते लिहायला सांगितलं कोण जाणे. त्या चार शब्दांवर मावशी सापडली. निडी लहान गाव. रोह्याच्या अलीकडचं स्टेशन. आमच्या यांच्या ओळखीचा कंपनीतला एक माणूस तिथला होता, त्यानं दोन दिवसांत सांगितलं, बाई आहे, सत्तरीची आहे, मुलाकडं राहते.

महिनाभर काहीच झालं नाही. मग एका सकाळी आखणीवालीचा फोन आला. "आई म्हणते जाऊ. पण ती पेपरवाली बाई पायजे बरोबर."

मला जायचं नव्हतं. गुडघे दुखत होते, आणि परत त्या म्हातारीसमोर उभं राहायचं बळ नव्हतं. पण नाही म्हणता आलं नाही. आम्ही तिघी पेणहून पॅसेंजरनं गेलो. म्हातारी खिडकीशी बसली होती. नागोठण्याला म्हणाली, "ती मला वळखायची नाय." लेक म्हणाली, "फोटो पाठवलाय मी." "फोटोत मी म्हातारी हाय," ती म्हणाली.

मावशी अंगणाच्या फाटकातच उभी होती. दोघींनी एकमेकींना मिठी मारली, रडल्या, असं काही झालं नाही. मावशीनं बहिणीच्या पायांकडं बघितलं आणि म्हणाली, "पायरी उंच हाय. हात धर." मग तिला धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं आणि स्वतः खाली बसली. कितीतरी वेळ दोघी तब्येतीचंच बोलत होत्या. साखर किती, डोळ्यांचं ऑपरेशन कुठं केलं, दात कधी काढले.

चहा झाल्यावर म्हातारीनं माझ्याकडं हात केला. "ही सांगते, आई पेपरात दोन लिवायला गेलेली."

"गेलेली," मावशी म्हणाली. "म्हाईत हाय मला."

आखणीवालीनं माझ्याकडं बघितलं.

मावशी सांगायला लागली. तेव्हा तिचं लग्न होऊन ती निडीला आलेली होती. पेपर निघाला तसा आईनं रोह्यात एक अंक मागून घेतला आणि लुगड्यात गुंडाळून निडीला आली. रोह्यात वाचून घ्यावा इतका तिचा कुणावर विश्वास नव्हता. "माझ्यासमोर पेपर धरला, म्हणाली वाच. मी आधी मनात वाचलं. एक होतं. आई माझ्या तोंडाकडं बघत होती. मी मोठ्यानं वाचलं, एक मुलगा, दोन मुली."

"तू दोन वाचलंस?" म्हातारीनं विचारलं.

"दोन वाचलं. परत वाच म्हणाली, परत वाचलं. मग तिनं तो कागद घडी करून नेला. पत्र्याच्या पेटीत ठेवलेला, जाईपर्यंत. गेली तेव्हा दादानं पेटी काढली, कागद कुठं गेला ते म्हाईत नाय."

मला बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "ते एक मीच केलं होतं. तुमचे दादा आले होते, त्यांच्या सांगण्यावरून."

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. "बरं," म्हणाली. एवढंच. त्यात राग होता की नव्हता, मी अजूनही सांगू शकत नाही.

"पण पेणला आली नि माझ्याकडं का नाय आली?" म्हातारीनं शेवटी विचारलं. हाच प्रश्न तिनं निडीपर्यंत आणला होता.

"मी इचारलं नाय," मावशी म्हणाली. "भ्यायली असंल. तू दारात घेशील का नाय म्हणून."

"घेतली असती."

"तुला म्हाईत. तिला काय म्हाईत?"

"तू तरी यायचं होतंस."

"मला सासर होतं."

"मला नव्हतं?"

मावशी उठून आत गेली. मला वाटलं, संपलं, आता निघावं. आखणीवालीनंही पिशवी हातात घेतली. पण मावशी परत आली ती ताट घेऊन. तांदळाच्या भाकऱ्या, वालाची आमटी, तळलेला बोंबील. "जेवा आता," म्हणाली. म्हातारीनं आमटी चाखली आणि म्हणाली, "आई यात कोकम कमी घालायची." मावशी म्हणाली, "जास्तच घालायची. तुला आठवत नाय." आणि त्यावरून दोघी खरंखुरं भांडायला लागल्या. अर्धा तास तेच चाललं. कोकम, मग विहिरीचा रहाट, मग गोठ्यातल्या कुठल्याशा पांढऱ्या गाईची शिंगं. एकीचं दुसरीला काहीच पटत नव्हतं. माझं आणि आखणीवालीचं तिथं काही काम उरलं नव्हतं.

निघायची वेळ झाली तसं मावशी बहिणीला म्हणाली, "तू राहा." म्हातारीनं लेकीकडं पाहिलं, मग म्हणाली, "औषधं आणली नाय." मावशी म्हणाली, "निडीत औषधं मिळतात." ती राहिली. चार दिवस म्हणून राहिली, नंतर कळलं की पंधरा दिवस होती.

आखणीवाली मला सोडायला स्टेशनवर आली, ती रात्री तिथंच थांबणार होती. पॅसेंजर उशिरा होती. आधी एक मालगाडी गेली, फार लांब. आम्ही बाकावर बसलो. तिचे डोळे लाल होते, पण ते रडून की जागून, मी विचारलं नाही. वर्षभर बारीक ब्रश धरून डोळे आखणाऱ्या बायांचे डोळे तसेही लाल असतात.

ती म्हणाली, "आजी पेणला आली तेव्हा मी सातवीत असंन. पेणच्याच शाळेत."

मी मनात हिशेब केला, बरोबर होता.

"दुपारची शाळा होती," ती म्हणाली. "स्टँडवरनंच जायचो आम्ही."

मी तिचा हात हातात घेतला. तिची बोटं खरखरीत होती. गाडीची घोषणा झाली तसा सोडला.

डबा जवळजवळ रिकामा होता. मी खिडकीजवळ बसले, पिशवी मांडीवर घेतली. निडीचं फाटक गेलं, भातकापणी झालेली शेतं गेली. नागोठणं यायच्या आतच डोळा लागला. कासूला एक माणूस शेजारी येऊन बसला, तेव्हा जाग आली. पेण पुढचंच होतं.